हिरव्याच्या मध्ये निळा

पांढरा-नारिंगी, नारिंगी. पांढरा-हिरवा, निळा. पांढरा-निळा, हिरवा. पांढरा-तपकिरी, तपकिरी.

लॅनच्या, म्हणजे कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या केबलला कनेक्टर बसवायचा तर हा क्रम तोंडपाठ हवा. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती छापणाऱ्याची चूक वाटली. नारिंगीची जोडी शेजारी शेजारी, तपकिरीची जोडी शेजारी शेजारी, आणि मधल्यामध्ये हिरव्यांची ताटातूट करून निळे दोघं घुसलेले. तेही उलटे. बाकी सगळीकडे आधी पांढऱ्या पट्ट्याची तार आणि मग भरीव रंगाची, इथे मात्र आधी निळा आणि मग पांढरा-निळा. कुणीतरी घाईत काहीतरी लिहिलं आणि पुढच्यांनी डोळे मिटून उतरवून घेतलं, असा निष्कर्ष मी काढला आणि क्रम सुधारून घेतला. हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा. केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवला की झालं, बिघडायचं काय त्यात?

मुळात हे काम माझ्याकडे यायचं काही कारण नव्हतं. आठ माणसांचं कार्यालय नव्या जागेत हलत होतं, आणि त्या आठांत प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता येणारा मी एकटाच होतो. एवढ्या पात्रतेवर माणूस कार्यालयाचा संगणकतज्ज्ञ ठरतो. एकदा ठरला की सुटका नसते.

जुन्या जागेत नेटवर्क नव्हतं असं म्हणता येणार नाही. ते पेन ड्राइव्हचं होतं आणि पायांवर चालत होतं. एकाच पत्राच्या ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘अंतिम-खरं’ आणि ‘हेच-घ्या’ अशा चार प्रती चार संगणकांवर नांदायच्या, आणि कुठली गिऱ्हाइकाकडे गेली हे कळायला गिऱ्हाइकाच्या तक्रारीची वाट बघावी लागायची. प्रिंटर एकाच्या टेबलाला जोडलेला. तो माणूस रजेवर गेला की त्याचा संगणक सुरू करून त्याच्या खुर्चीत बसावं लागे, आणि त्याने खुर्चीची उंची किती कमी ठेवली आहे यावरून दिवसभर विनोद चालत. तेव्हा नव्या जागेत ‘सगळं जोडून टाक’ एवढीच मला मिळालेली आज्ञा होती.

जोडण्याआधी मोजावं लागतं. कागदावर जागेचा नकाशा काढला आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुठे बसणार? आठ जणांनी मिळून अकरा जागा सांगितल्या. खिडकीजवळ तिघांना बसायचं होतं आणि दाराजवळ कुणालाच नको होतं. त्या भांडणात पडण्यापेक्षा मी प्रत्येक संभाव्य जागी दोन-दोन केबली ओढल्या. त्या कामातला माझा हा एकच शहाणा निर्णय. केबलला मेहनत फारशी नसते. पट्टी ठोकणं, भिंतीला भोक पाडणं, छतातून तार सरकवणं यात दिवस जातो. एक ओढली काय नि दोन ओढल्या काय, मेहनत तीच. नियमाप्रमाणे भिंतीतली केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (टोकाशी यंत्राला जोडायच्या सुट्या तारा) मिळून १० मीटर, म्हणजे एकूण १०० मीटर चालतात. आमची सगळ्यात लांब तार ३४ मीटरची होती, त्यामुळे त्या मर्यादेचा धाक नव्हता. केबलचं खोकं ३०५ मीटरचं येतं. हा आकडा मला खटकला होता. मग खोक्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं, तिथे १००० फूट लिहिलेलं होतं.

(जाता जाता: स्वस्त केबल उचलली की वजन बघा. आत तांब्याऐवजी वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम असलं तर खोकं चटकन उचललं जातं. ती तार वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दमते. मी ती घेतली नाही, कारण माझ्या आधी कुणीतरी घेऊन पस्तावलं होतं आणि त्याने मला तसं सांगितलं. बाकी बाबतीत मला कुणी सांगणारं नव्हतं, किंवा जे लिहून ठेवलं होतं त्यावर माझा विश्वास नव्हता.)

तर कनेक्टर बसवले. क्रिम्पिंग टूल दाबलं की एक बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या आठ पात्या आठ तारांत रुततात. पहिली चार-पाच टोकं वाया जातात, मग हात बसतो. टेस्टर लावला. एक ते आठ दिवे ओळीने लागले, पलीकडच्या टोकालाही एक ते आठ, त्याच क्रमाने. बावीस केबली, बावीस वेळा आठ दिवे. मी त्या रात्री फार समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सगळे संगणक एकमेकांना दिसले. छोट्या फायली गेल्या. लोकांनी कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोठा आराखडा सामायिक फोल्डरमध्ये टाकायला घेतला आणि तो निम्म्यावर जाऊन बसला. पुन्हा पाठवला, पुन्हा बसला. जवळच्या टेबलांवर सगळं ठीक, लांबच्या टेबलांवर रखडपट्टी. कधी जायचं, कधी नाही. पिंग करून, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्याला हाक मारून बघावं तर उत्तरं येत होती, मधूनच एखादं गळत होतं. मी राउटर बदलून बघितला. अँटिव्हायरस बंद केला. एका संगणकाचं नेटवर्क कार्ड बदललं. त्या संगणकावर बसणाऱ्या माणसाला हळूच विचारूनही घेतलं, की तुम्ही काही नवं टाकलंत का यात? बिचारा उगाच ओशाळला. केबलीवर मात्र माझा संशय गेला नाही, कारण त्यांची परीक्षा झाली होती आणि त्या आठापैकी आठ गुणांनी उत्तीर्ण होत्या.

चौथ्या दिवशी टेलिफोनच्या लाइनी ओढण्यात उभं आयुष्य घालवलेले एक गृहस्थ फोनचं काम बघायला आले. मी वैतागून त्यांना सगळं सांगितलं. ते संगणकाकडे वळलेसुद्धा नाहीत. केबलचं टोक हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून तारांकडे बघितलं.

“हिरव्याला सोडवलंत का?” त्यांनी विचारलं.

“हो. तो निळ्याच्या पलीकडे गेला होता.”

“तो जायलाच हवा. तुम्ही जोडी मोडलीत.”

मी म्हणालो, जोडी मोडलेली होती, मी जुळवली. ते हसले आणि खिशातून सुरी काढून त्यांनी उरलेल्या केबलचा वीतभर तुकडा सोलला.

केबलच्या आत तारा आठ असल्या तरी त्या जोडी जोडीने पिळलेल्या असतात, आणि तो पीळ आकर्षक दिसावा म्हणून घातलेला नाही. जोडीतल्या दोन्ही तारांतून एकच संदेश उलटसुलट जातो. एकीत विजेचा दाब वर गेला की दुसरीत तेवढाच खाली. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा मोजतं. वाटेत ट्यूबलाइटचा, मोटरचा, शेजारच्या तारेचा गोंगाट शिरला तर तो दोघींवर सारखाच पडतो आणि फरक काढताना आपोआप वजा होतो. पण सारखाच पडायचा तर दोघी गोंगाटापासून सारख्याच अंतरावर हव्यात. सरळ शेजारी ठेवल्या तर एक कायमची जवळ आणि एक कायमची लांब राहणार. पीळ दिला की आत्ता ही जवळ, पुढच्या सेंटीमीटरला ती जवळ, आणि शेवटी हिशेब बरोबरीत सुटतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली या पिळाचं पेटंट घेतलं आहे. आणखी एक गोष्ट मी तोवर पाहिलीच नव्हती. त्या गृहस्थांनी चारही जोड्या बोटांवर शेजारी शेजारी धरल्या तेव्हा दिसलं की प्रत्येकीचा पीळ वेगळा आहे. एक घट्ट, दुसरी सैल. सगळ्यांना सारखाच पीळ दिला असता तर शेजारच्या दोन जोड्यांतल्या त्याच त्या तारा पुन्हा पुन्हा एकमेकींजवळ आल्या असत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत ऐकू आलं असतं.

आता संगणकाच्या खाचेत तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी धरलेली असते. माझ्या ‘सुधारलेल्या’ क्रमात तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा होता आणि सहाव्या जागी निळा. दोन वेगळ्या पिळांतल्या दोन परक्या तारांवर मी एकच संदेश वाहायला लावला होता. दोन-तीन मीटर असतं तर निभावलं असतं. तीस मीटरवर निभावलं नाही. टेस्टर खोटं बोलत नव्हता. पहिल्या पिनेपासून पहिल्या पिनेपर्यंत वीज जाते का, एवढंच मी त्याला विचारलं होतं, आणि ती जात होती. कुणाचा पीळ कुणाशी आहे हे त्या दहा-बारा दिव्यांच्या खोक्याला कळायचं कारण नव्हतं.

“पण मग तीन आणि सहा का? तीन आणि चार का नाही?” मी विचारलं. माझा अहंकार अजून थोडा शिल्लक होता.

“मधल्या दोन फोनच्या,” ते म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. टेलिफोनच्या जॅकमध्ये पहिली लाइन अगदी मधल्या दोन पिनांवर असते आणि दुसरी लाइन तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक. त्यामुळे फोनचा लहान प्लग मोठ्या खाचेत घातला तरी मधल्या दोन जागी फोन चालतो. पुढे संगणकांसाठी हीच पिळाची तार वापरायचं ठरलं आणि १९९० साली त्याचं मानक आलं, तेव्हा त्यांनी १-२ आणि ३-६ या पिना घेतल्या आणि मधल्या दोघींना हात लावला नाही, कारण तिथे फोन असू शकत होता. १९९९ मध्ये गिगाबिटचा वेग आला तेव्हा चारही जोड्या कामाला लागल्या, पण रांग तीच राहिली. आमच्या नव्या कार्यालयात त्या केबलींतून एकही फोन जाणार नव्हता. तरी हिरव्याने निळ्याला जागा करून द्यायची होती.

मी सगळी टोकं कापली आणि पुन्हा बसवली. पिळही कनेक्टरच्या अगदी तोंडापर्यंत ठेवले. सोडवायचे तर फार तर बोटाच्या पेराच्या निम्मे, १३ मिलिमीटर. आराखडा गेला. ओशाळलेल्या माणसाची मी माफी मागितली, ती त्याने जरा जास्तच उदारपणे स्वीकारली.

त्यानंतर काही दिवस मला छंदच जडला. जे जे विचित्र दिसेल त्याच्या मागे कुठला फोन आहे ते शोधायचं. इथरनेट हे नाव घ्या. रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात २२ मे १९७३ च्या टिपणात ते वापरलं. प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असा ‘ईथर’ अवकाशात भरलेला आहे असं भौतिकशास्त्र एके काळी मानत होतं. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ साली प्रयोग करून बघितला, तर ईथरचा मागमूस लागला नाही. जे नाहीच असं ठरलं, त्याचं नाव ८६ वर्षांनी एका जाड केबलला मिळालं.

त्या केबलवर सगळे संगणक एकाच तारेला लोंबत असत आणि बोलण्याचा नियम फार सभ्य होता. आधी ऐका. कुणी बोलत नसेल तर बोला. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं, आणि प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा सुरुवात करायची. (आमच्या सोमवारच्या बैठकीत हा नियम लावून बघावा असं मी सुचवलं होतं. सूचना नोंदवून घेतली गेली.) आता टक्कर झाली हे बोलणाऱ्याला कळायचं तर टकरीची खबर परत येईपर्यंत त्याचं बोलणं चालू असायला हवं, नाहीतर तो आपलं म्हणून मोकळा होईल आणि संदेश वाटेतच मेला हे त्याला समजणारही नाही. म्हणून ठरलं की कुठलाही संदेश ६४ बाइटपेक्षा लहान असायचा नाही. १० मेगाबिटच्या वेगाने तेवढं पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात, आणि सगळ्यात लांबच्या जाळ्यातही खबर जाऊन यायला तेवढे पुरतात. सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या आमच्या कपाटातल्या स्विचमध्ये टक्कर होतच नाही. प्रत्येक तारेला जायची आणि यायची वाट वेगळी. पण आजही एखाद्या संगणकाने एकच अक्षर पाठवलं तर ६४ बाइट भरेपर्यंत त्यात रिकामी भरती घातली जाते. मला हे कळलं त्या संध्याकाळी मी स्विचच्या लुकलुकत्या दिव्यांकडे बराच वेळ बघत बसलो होतो. घरी उशिरा पोचलो आणि कारण सांगितलं, ते पटलं नाही.

“वाय-फाय आहे की, मग तारा कशाला?” हा प्रश्न मला आठांपैकी सहा जणांनी विचारला. त्याचं उत्तरही यातच आहे. वाय-फायवर पुन्हा सगळे एकाच हवेत बोलतात, एका वेळी एकानेच, ऐकून, थांबून, आपापली पाळी बघून. फोनला, टॅबलेटला, पाहुण्याला ते छान. दिवसभर मोठ्या फायली उघडून बसणाऱ्या माणसाला त्याची स्वतःची तार द्यावी.

तारा जुळल्यावर पत्त्यांचा घोळ झाला (जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा आकडी पत्ता लागतो), तो थोडक्यात सांगतो. प्रिंटरचा पत्ता बदलू नये म्हणून मी त्याला १९२.१६८.१.२० हा कायमचा देऊन टाकला. राउटर आपला येईल त्याला १९२.१६८.१.२ पासून पुढचे पत्ते वाटत होता, आणि मी २० नंबर दिलाय हे त्याला सांगायचं राहिलं. दोनेक आठवडे काही झालं नाही. मग एखाद्या सकाळी छपाई बंद पडू लागली, एखाद्या सकाळी नाही. कारण सापडलं ते हजेरीच्या वहीत. प्रिंटर सुरू करणारी व्यक्ती उशिरा आली की तोवर कुठला तरी लॅपटॉप २० वर जाऊन बसलेला असायचा. राउटरला सांगितलं, १०० च्या पुढचेच पत्ते वाट, आणि भांडण मिटलं. हे १९२.१६८ वाले पत्ते १९९६ साली खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवलेले आहेत. जगभरातल्या घराघरांत आणि कार्यालयांत तेच पुन्हा पुन्हा वापरले जातात, कारण अशा पत्त्याच्या ३२ बिटांत सगळे मिळून ४२९ कोटीच पत्ते बसतात आणि ते पुरणार नाहीत हे तोवर लक्षात आलं होतं.

दुसरी आठवण केबलच्या एका मोकळ्या टोकाची. स्विचला लावलेल्या एका केबलचं दुसरं टोक नुसतंच लोंबत होतं. आवराआवर करताना कुणीतरी ते नीटनेटकं दिसावं म्हणून त्याच स्विचच्या रिकाम्या खाचेत बसवलं. पुढच्या काही सेकंदांत स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, वेड लागल्यासारखे लुकलुकू लागले आणि अख्खं कार्यालय ठप्प झालं. सर्वांसाठी म्हणून पाठवलेला एक संदेश त्या वळशात शिरतो, फिरून परत येतो, पुन्हा सर्वांना पाठवला जातो, पुन्हा वळशात शिरतो. ‘आता पुरे’ असं सांगणारा मोजणीचा आकडा त्या पातळीवरच्या संदेशात नसतोच. यावर संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली उपाय शोधला होता. जाळ्यात कितीही वळसे असले तरी स्विच आपसात बोलून जादा वाटा मिटवून टाकतात आणि फांद्याफांद्यांचं झाड तेवढं उरतं. आमच्या स्वस्तातल्या स्विचला ते येत नव्हतं. केबल उपसली तसे दिवे शांत झाले.

त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या लावू लागलो. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांक. कपाटाच्या दाराला आतून नकाशा. खाचांवर बारीक अक्षरात सूचना. दुसऱ्यांनी कारणं न सांगता ठेवलेले नियम मला इतके छळून गेले होते की आपण तसं करायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

ते कार्यालय सोडून मला आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिथून एका मुलीचा फोन आला. आवाज तरुण, जरा संकोचलेला. तिने स्वतःचं नाव सांगितलं, मग म्हणाली, “सर, आम्ही नवा स्विच बसवतोय. नकाशा तुमचा आहे ना, कपाटातला? फार उपयोग झाला. फक्त एक विचारायचं होतं.”

“विचार की.”

“सात नंबरच्या खाचेवर तुम्ही लिहिलंय, ‘रिकामी ठेवावी’. खाली दोन रेघाही मारल्यात. का ते कळेना. आम्ही तपासलं, खाच चांगली आहे.”

मी आठवून बघितलं. वळशाचा प्रसंग घडला ती खाच होती का ती? की कुणासाठी तरी राखून ठेवली होती? की तिथली पात कधीतरी वाकली होती आणि मी ती नंतर सरळ केली होती? तिन्ही पटण्यासारखं होतं आणि तिन्हींपैकी एकही आठवत नव्हतं. अक्षर माझं असणार यात शंका नव्हती. दोन रेघा मारायची सवयही माझीच.

“सर? आहात ना?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग नव्या स्विचवर पण सात नंबर रिकामी ठेवू का?”

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

“असू दे सध्या,” मी म्हणालो.